नांदेडहून उडणारं विमान बनतं कशाचं? पत्रा, रिव्हेट, तेल आणि तपासणीच्या सह्या

परभणी : जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांना जवळचं विमानतळ म्हणजे नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळ. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी त्याचं रूप पालटलं. पुढे २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. तेव्हा ट्रूजेट कंपनीचं पंख्याचं एटीआर ७२ विमान यायचं. ती कंपनी बंद पडली. २०२४ पासून स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ हे ७६ आसनांचं जेट विमान नांदेडला उतरू लागलं. वेळापत्रक आणि मार्ग अधूनमधून बदलतात, पण पूर्णा, पालम, गंगाखेडकडच्या माणसाला विमान आता टीव्हीतच पाहायची वस्तू राहिलेली नाही.

गावातली पोरं मात्र एक प्रश्न हमखास विचारतात. एवढा मोठा लोखंडाचा डबा हवेत राहतो कसा? उत्तर प्रश्नातच आहे. तो डबा लोखंडाचा नसतोच.

ऊस भरलेल्या ट्रॅक्टरएवढं वजन

एटीआर ७२ ची लांबी सुमारे २७ मीटर, पंखांचा विस्तारही तेवढाच. प्रवासी, सामान, इंधन सगळं धरून उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन जास्तीत जास्त २३ टनांच्या आसपास भरतं. साखर कारखान्याच्या काट्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह उसाचा ट्रॅक्टर उभा केला तर साधारण असाच आकडा येतो. पण त्या ट्रॅक्टरला फक्त रस्त्यावर चालायचं असतं. विमानाला तेवढंच वजन घेऊन तीन-चार मैल उंच जायचं असतं. म्हणून विमान बांधणारा माणूस प्रत्येक तुकड्याला पहिला प्रश्न विचारतो : तुझं वजन किती, आणि तू ताकद किती देतोस?

एक लिटरच्या मापात मावेल एवढ्या पोलादाचं वजन सुमारे ७.८ किलो. तेवढंच ॲल्युमिनियम २.७ किलो. टायटॅनियम ४.५ किलो. आणि कार्बन फायबरचं कंपोझिट दीड किलोच्या थोडं वर. विमानात काय कुठे वापरायचं याचा अर्धा हिशोब या चार आकड्यांत आला.

कणगी आणि विमानाचं धड

जुन्या घरांत धान्य साठवायला कणगी असायची. बांबूच्या कामट्या विणून गोल आकार करायचा, वरून शेणामातीने सारवायचं. आत खांब नाही, तुळई नाही, तरी क्विंटलवारी ज्वारी पोटात धरून ती उभी राहते. गोल आकार आणि विणलेल्या कामट्या मिळून भार वाटून घेतात.

विमानाचं धड, म्हणजे प्रवासी बसतात ती नळी, याच तऱ्हेचं असतं. ठराविक अंतरावर गोल कड्या असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. या कड्यांना जोडत नाकापासून शेपटीपर्यंत लांब पट्ट्या जातात, त्या स्ट्रिंगर. त्यावर पत्रा रिव्हेट केलेला. हा पत्रा नुसतं झाकण नसतो, भाराचा मोठा वाटा तोच उचलतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी एक ते दोन मिलिमीटरच असते. घरावर टाकायच्या पत्र्यापेक्षा थोडा जाड, एवढंच. हे पहिल्यांदा ऐकणारा थोडा घाबरतो. पण कड्या, पट्ट्या आणि पत्रा एकत्र आले की तयार होणारी नळी वाकायला, पिळायला फार कठीण जाते.

पंखाची रचना वेगळी. त्यात मुळापासून टोकापर्यंत जाणारे आडवे तुळईसारखे भाग असतात, त्यांना स्पार म्हणतात. त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या रिब पंखाला आकार देतात. वरचा भाग फुगीर, खालचा जवळजवळ सपाट, हा आकार रिबमुळेच टिकतो. पुढे जाणारा पंख हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी, खालच्या बाजूला जास्त, असंही तेच सांगता येतं.

स्पार आणि रिबच्या मधली पोकळी वाया जात नाही. बहुतेक प्रवासी विमानांचं इंधन तिथेच भरलेलं असतं. एटीआर ७२ च्या पंखांत सुमारे ५ टन इंधन मावतं. याचा दुसरा फायदाही आहे. हवेत पंख वर वाकायला बघतो, तेव्हा आतलं इंधनाचं वजन त्याला खाली धरून ठेवतं.

शुद्ध ॲल्युमिनियम चालत नाही

घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं हाताने दाबलं तरी पोचा येतो. त्याच धातूचं विमान कसं? तर त्यात दुसरे धातू मिसळतात आणि ठराविक तापमानाला भाजून, थंड करून त्याला कडक करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम काही दिवस नुसतं ठेवलं की आपोआप कडक होतं, असं आढळलं. विमान उद्योग पुढे कितीतरी वर्षं याच शोधावर उभा राहिला.

आज दोन मिश्रधातू जास्त ऐकू येतात. तांबं मिसळलेल्याला '२०२४' हा क्रमांक आहे. तो वारंवार ताण येणाऱ्या जागी, म्हणजे धडाच्या पत्र्याला आणि पंखाच्या खालच्या बाजूला वापरतात, कारण त्यात चीर हळू वाढते. जस्त मिसळलेला '७०७५' जास्त ताकदवान. तो पंखाच्या वरच्या बाजूला दिसतो, जिथे दाबाचा भार असतो. या क्रमांकांचा सालांशी काही संबंध नाही, परीक्षा देणारी मुलं मात्र इथे हटकून गोंधळतात.

या मिश्रधातूंना गंज चढतो. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. ॲल्युमिनियमचा मोठा वैरी म्हणजे पारा. पाऱ्याचा थेंब पत्र्यावर पडून आत शिरला तर तो धातू पोखरत जातो. म्हणूनच पाऱ्याचा थर्मामीटर किंवा बीपीचं जुनं यंत्र विमानात न्यायला कडक नियम आहेत.

पोलाद अजिबात नसतं असंही नाही. चाकांचे दांडे, मोठे बोल्ट, जिथे जागा थोडी आणि भार प्रचंड, तिथे पोलादच लागतं. इंजिनाजवळच्या गरम भागात टायटॅनियम. इंजिनाच्या अगदी पोटात, टर्बाइनच्या पात्यांना निकेलचे मिश्रधातू. तिथला वायू त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो. पाती टिकतात, कारण त्यांच्या आतून बारीक भोकांतून हवा खेळवलेली असते.

भिंतीतलं भुसकट आणि कार्बन फायबर

मातीची भिंत घालताना चिखलात काड किंवा भुसकट तुडवून मिसळतात. नुसत्या मातीला भेगा पडतात, नुसतं काड उभं राहत नाही, दोन्ही एकत्र आले की भिंत टिकते. कंपोझिट म्हणजे हेच. काडाच्या जागी कार्बनचे किंवा काचेचे बारीक धागे, चिखलाच्या जागी रेझिन. थरावर थर रचायचे, धाग्यांची दिशा भाराप्रमाणे ठेवायची आणि दाबाखाली भट्टीत भाजायचं.

नांदेडला येणाऱ्या एटीआर ७२ मध्ये पंखाचा बाहेरचा भाग कार्बन फायबरचा होता. १९८९ पासून सेवेत असलेलं हे विमान त्या बाबतीत आघाडीवर होतं. त्याच्या प्रोपेलरची सहा पातीही कंपोझिटचीच. बोईंग ७८७ मध्ये तर सांगाड्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा आहे. या ७८७ च्या काही विमानांची जमीन ज्या तुळयांवर टेकते, त्या 'फ्लोअर बीम' नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बनल्या. प्रवाशांच्या पायाखालची ती पट्टी विदर्भातून गेली आहे हे न्यूयॉर्कला जाणाऱ्या कुणाच्या डोक्यातही येत नसेल.

कंपोझिटचा एक स्वभाव मात्र देखभाल करणाऱ्याला त्रास देतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला काही आदळलं तर पोचा दिसतो. कंपोझिटवर वरून खूण दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. त्यासाठी एक साधी तपासणी अजून चालते : छोट्या हातोडीने किंवा नाण्याने टकटक करून आवाज ऐकायचा. बाजारात माठ घेताना बाई टिचकी मारून बघते, तीच पद्धत. ठणठणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला की अल्ट्रासाउंड लावायचा. दुसरी अडचण म्हणजे कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ठेवले आणि ओल लागली तर ॲल्युमिनियम झपाट्याने खराब होतं. म्हणून मध्ये काचेच्या धाग्याचा थर देतात, नाही तर तिथे टायटॅनियम वापरतात.

प्रत्येक उड्डाणात फुगणारा डबा

विमान उंचावर गेलं की बाहेरची हवा इतकी विरळ होते की माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून इंजिनात दाबलेली थोडी हवा काढून, थंड करून धडात सोडतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो. जेट विमानात हा फरक ८ पीएसआयच्या आसपास जातो. आकडा छोटा वाटतो. पण हिशोब केला तर प्रत्येक चौरस फूट पत्र्याला आतून पाच क्विंटलपेक्षा जास्त जोर लागतो. चौदा-पंधरा चौरस फुटांच्या दारावर हाच जोर सात टनांच्या पुढे जातो. उडत्या विमानाचं दार कुणी उघडेल का, ही भीती बऱ्याच जणांना असते. बहुतेक प्रवासी विमानांची दारं अशी बसवलेली असतात की आतला दाबच त्यांना चौकटीत घट्ट दाबून धरतो.

उतरलं की दाब जातो, पुन्हा उडालं की येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे आहे. याला धातूचा थकवा म्हणतात. १९५४ मध्ये ब्रिटनची कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली. तपासात दिसलं की छतातल्या आणि खिडक्यांच्या कापांच्या कोपऱ्यांपाशी ताण साठत होता आणि तिथून चिरा सुरू झाल्या. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल झाले. प्रवाशाच्या खिडकीत खाली एक बारीक भोक दिसतं, ते मधल्या काचेला मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यामुळे दाबाचा भार बाहेरच्या काचेवर राहतो आणि वाफही साचत नाही.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छत उड्डाणात उखडलं. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, बाकीचे वाचले. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. समुद्राची खारी हवा, पत्र्यांच्या जोडातला गंज आणि रिव्हेटच्या भोकांमधल्या बारीक चिरा, ज्या तपासणीत सुटल्या. त्यानंतर जगभर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले. विमानाचं वय त्यामुळेच वर्षांत, तासांत आणि उड्डाणांच्या संख्येत, अशा तिन्ही मापांत मोजतात. कमी अंतराची खूप उड्डाणं करणारं विमान लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा लवकर थकतं.

चीर शोधायच्या पद्धतींपैकी एक आपल्या वर्कशॉपांना नवी नाही. जुने मिस्त्री रॉकेल लावून पुसतात आणि वरून खडूची पूड टाकतात. चीर असली की रॉकेल वर येऊन खडूवर रेघ उमटते. रेल्वेच्या कार्यशाळांत असंच करत. विमानातली रंगीत द्रवाची तपासणी याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती. शिवाय विजेच्या प्रवाहाची, क्ष-किरणांची तपासणी असते.

वायर, दांडे आणि संगणक

विमान वळतं कसं? पंखाच्या टोकाकडचे हलते तुकडे म्हणजे एलेरॉन, त्यांनी विमान कलतं. शेपटीच्या आडव्या भागावर एलिव्हेटर, त्याने नाक वर-खाली. उभ्या भागावर रडर, त्याने नाक डावी-उजवीकडे. उतरताना पंखाच्या मागून पत्रे सरकत खाली येतात ते फ्लॅप. ते कमी वेगातही विमानाला उचलून धरतात. चाकं टेकल्यावर पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या म्हणजे स्पॉयलर. त्यांनी पंखाची उचल मोडते आणि वजन चाकांवर येतं. त्याशिवाय ब्रेक नीट लागत नाही. खिडकीची जागा पंखाच्या मागे मिळाली तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं.

एटीआरमध्ये वैमानिकाच्या हातापासून एलेरॉन आणि एलिव्हेटरपर्यंत पोलादी वायर, कप्प्या आणि दांडे जातात. मोटरसायकलच्या क्लच वायरचा मोठा भाऊच म्हणायचा. एम्ब्रेअर १७५ मध्ये एलिव्हेटर आणि रडरला विजेचा संदेश जातो, संगणक तो तपासतो आणि हायड्रॉलिक जॅक ते हलवतात. एलेरॉनला मात्र तिथेही वायर आहे, पुढची ताकद हायड्रॉलिकची.

हायड्रॉलिक हा शब्द ट्रॅक्टरवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. नांगर उचलणारी लिफ्ट तेलाच्या दाबावर चालते. बहुतेक प्रवासी विमानांत हा दाब ३,००० पीएसआय असतो, आणि ट्रॅक्टरचा पंपही त्याच्या फार खाली नसतो. फरक दाबात कमी, व्यवस्थेत जास्त आहे. एम्ब्रेअर १७५ मध्ये एकमेकांपासून वेगळ्या तीन हायड्रॉलिक यंत्रणा आहेत. एकीची नळी फुटली तरी तिचं तेल दुसरीला जाऊन मिळत नाही. रडरसारख्या भागांना दोन यंत्रणांकडून जोर मिळतो. सगळीच वीज गेली तर विमानातून एक छोटा पंखा बाहेर पडतो आणि वाऱ्यावर फिरून गरजेपुरती वीज देतो. गावात लाइट गेली की इन्व्हर्टर, तो संपला की कंदील, असा हा क्रम.

एटीआरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मोठ्या विमानांत जमिनीवर उभं असताना वीज आणि हवा द्यायला शेपटीत एक छोटं वेगळं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. वजन आणि खर्च वाचवायला उजव्या इंजिनालाच प्रोपेलरचा ब्रेक बसवला. आतलं टर्बाइन चालू, बाहेरचा पंखा थांबलेला. नांदेडला उभ्या एटीआरचा आवाज येतोय आणि पंखा फिरत नाही, असं ज्यांनी पाहिलं असेल त्यांचं कोडं सुटावं.

दोन्ही विमानांच्या इंजिनाचा गाभा मुळात एकच. हवा ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं, त्या झोताने टर्बाइन फिरवायचं. एटीआर त्या ताकदीने गिअरबॉक्समधून बाहेरचा पंखा फिरवतं, एम्ब्रेअर आवरणातला पंखा. इंधनही रॉकेलच्याच घराण्यातलं, फक्त फार शुद्ध आणि उणे ४७ अंशांपर्यंत न गोठणारं.

चाकं, टायर आणि कापसाच्या गाठी

विमानाच्या चाकाचा दांडा म्हणजे एक जाड जॅक असतो. त्यात खाली तेल आणि वर नायट्रोजन वायू. टेकताना वायू दबतो, तेल बारीक भोकातून जातं आणि धक्का जिरतो. नुसती स्प्रिंग असती तर विमान चेंडूसारखं उसळलं असतं.

टायरमध्येही नायट्रोजनच. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये १२ ते १६ पीएसआय हवा असते, मोठ्या जेटच्या टायरमध्ये २०० च्या आसपास. ब्रेक फार तापले तर चाकातलं एक छोटं बूच वितळून वायू सोडतं, म्हणजे टायर फुटत नाही. आणि हो, विमानाचे टायरही रिमोल्ड होतात, एकदा नाही, अनेकदा. हायड्रॉलिक बंद पडलं तर चाकं खाली यायची सोय वेगळी असते. कुलूप सोडलं की ती स्वतःच्या वजनाने खाली येऊन अडकतात.

चाकांचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना औरंगाबादचा अपघात आठवतो. २६ एप्रिल १९९३ ची दुपार. चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं तरी पुरेसं वर आलं नाही. पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे काही किलोमीटरवर ते विजेच्या तारांना धडकून कोसळलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. वैमानिकाने विमान उचलायला उशीर केला आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, ही कारणं चौकशीत पुढे आली.

यंत्राचा भाग त्यात इतकाच की उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखाला उचल आणि इंजिनाला जोर दोन्ही कमी मिळतात आणि धावपट्टी जास्त लागते. म्हणून तापमान, वजन आणि धावपट्टीची लांबी यांचा हिशोब प्रत्येक उड्डाणाआधी मांडावाच लागतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर नक्कीच.

पाना कुणी फिरवला, याची नोंद

गावातला चांगला मेकॅनिक आवाज ऐकून बिघाड सांगतो. विमानाच्या हँगरमध्येही अशी माणसं असतात, पण तिथे नुसत्या अंदाजाला किंमत नाही. नट किती घट्ट करायचा याचा आकडा पुस्तकात असतो आणि तो टॉर्क पान्यानेच साधायचा. कंपनाने नट सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. ती तार नट सुटण्याच्या उलट दिशेला ओढलेली हवी. काम संपल्यावर प्रत्येक हत्यार आपल्या खुणेच्या जागी परत गेलं पाहिजे. एक पाना सापडत नाही म्हणून विमान तासन्‌तास अडकवून ठेवतात. मग कागदावर सही : काम कुणी केलं, कुणी तपासलं, कोणता सुटा भाग लावला, त्याचा क्रमांक काय. जुगाड हा शब्द या धंद्यात शिवीसारखा आहे.

रोजची तपासणी वेगळी, काही शे तासांनंतरची वेगळी. दीड-दोन वर्षांनी मोठी तपासणी आणि काही वर्षांनी तर आतली आसनं, जमीन, आवरण सगळं काढून सांगाडा उघडा करतात. असं काम महाराष्ट्रात नागपूरच्या मिहानमध्ये होतं. तिथलं केंद्र बोईंगने एअर इंडियाच्या विमान खरेदीच्या करारातून उभारलं आणि ते २०१५ मध्ये सुरू झालं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग-२१ पासून सुरुवात झाली, पुढे २०० हून जास्त सुखोई-३० तिथून बाहेर पडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए ने उड्डाण केलं. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनाही नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, यावरून या क्षेत्रातल्या कागदाचं वजन कळतं.

फी भरण्याआधी

परभणीच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेल्यांना ओझरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची वाट असते, जाहिरात निघते तेव्हा अर्ज करावा लागतो. विमानाचा सांगाडा आणि साधनं यांच्या फिटरचा स्वतंत्र ट्रेडही आयटीआयच्या यादीत आहे, पण तो सगळीकडे शिकवत नाहीत. कृषी विद्यापीठात फवारणीच्या ड्रोनचं काम चालतं. ड्रोनचे हात कार्बन फायबरचे असतात, त्यामुळे वरची माठाची टिचकी तिथेही उपयोगी पडते. ड्रोन चालवायच्या प्रमाणपत्राला दहावी पास आणि वयाची १८ वर्षं लागतात.

विमान दुरुस्तीचा परवाना ही त्याहून मोठी गोष्ट. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेली मुलं एएमई अभ्यासक्रमाकडे वळतात. फी लाखांत असते, आणि ती भरायला घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढल्याचं ऐकू येतं. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कॉलेजचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवाना देतो डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यासाठी त्यांच्या विषयवार परीक्षा असतात आणि शिवाय चालत्या विमानांवर कामाचा नोंदलेला अनुभव लागतो. साहित्य आणि सुटे भाग हा सहावा विषय, देखभालीच्या पद्धती हा सातवा, विमानाची रचना आणि यंत्रणा हा अकरावा. या लेखात आलेलं बरंचसं त्या तिघांतलं. पास व्हायला प्रत्येक विषयात ७५ टक्के लागतात आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. गणितात हुशार असलेला पण इंग्रजीला घाबरणारा मुलगा इथेच अडकतो, म्हणून बारावीनंतर नव्हे तर अकरावीतच इंग्रजी वाचनाला लागलेलं बरं.

जाहिरातीत 'एव्हिएशन', 'एरोनॉटिकल', 'हमखास नोकरी' असे शब्द भरपूर असतात. त्यांतले काही अभ्यासक्रम पदवीचे, काही विमानतळावरच्या ग्राहक सेवेचे, आणि त्यांचा दुरुस्तीच्या परवान्याशी संबंध नसतो. दुरुस्तीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेकडे डीजीसीएची 'सीएआर-१४७' ही मंजुरी हवी. अशा संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. संस्थेचा मंजुरी क्रमांक, मंजुरी कोणत्या विभागासाठी आहे आणि तिची मुदत कधी संपते, या तीन गोष्टी पैसे भरण्याआधी त्या यादीशी ताडून पाहाव्यात. टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या यांत्रिक कामासाठी विभाग 'बी१.१' असतो, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कामासाठी 'बी२'.